धूर खाणारी काहील

मी काहील. गूळ शिजवायची काहील, दहा फूट रुंद, दीड फूट खोल, जाड पत्र्याची. जुनी आहे, गंजलेली आहे आणि चिडकीही आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तक्रार नको. तुम्हाला मी मित्रांनो म्हणते खरी, पण शाळा सुटली की माझ्यावर धोंडे मारून ठणठणाट करणारे तुम्हीच, हे मी विसरलेली नाही. तरीही सांगते. कारण माझ्याबद्दल वस्तीवर दोन गोष्टी पसरल्यात. एक, ही काहील धूर खायची. दुसरी, हिच्यापायी एका साहेबानं सहादूला फसवलं. दोन्ही अर्धवट आहेत, आणि माझ्या नावावर अर्धवट काही खपवलेलं मला चालत नाही.

श्रीरामपूरच्या एका लोहारानं मला केलं. सात पत्रे तापवले, ठोकले, वाकवले आणि रिव्हेट मारून एकमेकांना जखडले. त्या ठोकाठोकीत मी लोहाराला काय काय बोलले ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मग बैलगाडीत घालून मला इकडं पुणतांब्याच्या बाजूला, सहादूच्या वस्तीवर आणलं. सहादू तेव्हा ऐन तरणा होता. त्यानं मला चुलवाणावर बसवलं, काठावर हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. तेवढ्यानं माझा राग थोडा उतरला.

सहादू गुळव्या होता, आणि गुळव्या म्हणजे कोण, हे आता तुम्हाला सांगावं लागतं, याचाच मला संताप येतो. उसाचा रस माझ्यात ओतायचा, खालून चिपाडाचा जाळ लावायचा आणि तो रस करपू न देता, उतू न देता, नेमक्या घडीला गूळ करून उतरवायचा, हे ज्याला जमतं तो गुळव्या. त्यातलं सगळ्यात नाजूक काम मळी काढायचं. रानभेंडीचं झाड कुटून पाण्यात भिजवायचं, हातानं चोळून त्याचा चिकट रस काढायचा आणि तो काहिलीत सोडायचा. चिमूटभर चुना टाकला, की रसातली माती, चोथा, जो काही गदळ असेल तो एकमेकाला धरून वर तरंगायचा. तीच मळी. मोठ्या झाऱ्यानं ती शेवटच्या कणापर्यंत काढून टाकायची. सहादूच्या काहिलीत मळीचा कण राहायचा नाही. लांबलांबची माणसं त्याच्या गुळाचा रंग बघायला यायची आणि जाताना माझ्या काठाला हात लावून जायची. वीस-बावीस वर्षं मी असे दिवस काढले.

मग आमच्या वस्तीच्या मागं साखर कारखाना उभा राहिला. सगळा ऊस तिकडं जायला लागला. दोन-तीन हंगाम सहादूनं ओढून नेले, मग गुऱ्हाळ मोडलं. मला उचलून गोठ्यामागं पालथी टाकली. माझ्या पाठीवर कोंबड्या बसायच्या, आणि त्या कुठं बसतील तिथं काय करतात हे मी सांगायला नको. वर ते कारखान्याचं धुराडं रोज माझ्यावर काजळी टाकायचं. ज्यानं माझी भाकरी पळवली त्याचीच राख मी अंगावर घेत होते. बारा वर्षं मी त्या धुराड्याला मनापासून शिव्याशाप दिले.

बाहत्तर साल उजाडलं आणि पाऊस पडलाच नाही. विहिरी कोरड्या ठाक झाल्या. जनावरं घोडेगावच्या बाजाराकडं चालली आणि येईल त्याच्या हवाली व्हायला लागली. सहादूनं दोन्ही बैल आधीच घालवले होते. दावणीला एकच जनावर उरलं, चंद्री गाय. ती गाभण होती, चैत्रात विणार होती. सहादूला आणि त्याच्या बायकोला, रंगुबाईला, मूलबाळ नव्हतं. रंगुबाई चंद्रीला हाक मारायची ती लेकीला मारावी तशी. पण चारा संपत आला होता, आणि चंद्री ठेवायची की बाजाराला न्यायची, यावरून दोघांची रोज भांडणं व्हायची.

अशात कारखान्याचा केमिस्ट वस्तीवर आला. राधाकृष्ण त्याचं नाव. चष्मा, पायांत बूट, हातात वही. कारखान्यातून आलेलं कुणीही मला आवडत नाही, हा तर बिलकूल आवडला नाही. तो गोठ्यामागं आला, वाकला, माझ्यावर बोटानं टकटक केलं.

"सहादूबाबा, ही काहील वापरात आहे का?"

"व्हती एका काळी. तुमच्या कारखान्यानंच तिला पालथी घातली. आता भंगारात मागायला आलात का काय?"

"भंगारात नाही. कामाला." साहेब खाली बसला. "धुराड्यातून जो धूर जातो ना, त्यात एक वायू असतो. डोळ्याला दिसत नाही. झाडं तो खाऊन वाढतात. पाण्यातलं शेवाळ तर झाडांपेक्षा भरभर वाढतं. धूर पाण्यात सोडायचा, वरून ऊन आहेच. धुराचा त्रासही कमी होईल आणि शेवाळ वाळवलं की जनावरांना पेंडीसारखं चारता येईल."

"म्हंजे धुराचा चारा?"

"तसंच समजा."

सहादू इतका खूश झाला, की मला त्याची कीवच आली. चारा मिळणार म्हणून तर खूश झालाच, पण त्याच्या काहिलीची कुणाला तरी गरज लागली, हे त्याला चाऱ्याहून गोड लागलं. रंगुबाई मात्र डोक्यावरची घागर उतरवत तिथंच उभी होती. तिनं एकच विचारलं.

"आन् पानी कुनाचं?"

साहेब जरा चाचरला. "पहिल्यांदा कारखान्याचा टँकर भरून देईल. मग रोज जेवढं आटेल तेवढं... काही दिवस तुमच्यातलं घालावं लागेल. चेअरमन आबासाहेब एकदा पाहणी करून गेले, की कारखान्याच्या पाण्यातून वेगळं पाणी मंजूर होईल."

आता पाण्याचा हिशोब ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. कारखान्याच्या भिंतीला एक नळ होता. तो दिवसातून एकदा यायचा. दर घरामागं सहा घागरी, असं वस्तीनं ठरवून घेतलेलं. त्यातल्या तीन चंद्रीच्या आणि तीन दोन माणसांच्या. त्याहून एक थेंब जास्त कुणाला मिळत नव्हता.

"आगं, दोन-चार दिसांचाच प्रश्न हाय," सहादू म्हणाला.

"तुमी आन् तुमची काहील!" रंगुबाई म्हणाली आणि आत गेली. मलाही तिनं त्यात धरलं, याचा मला राग आला. मी काय मागायला गेले होते?

तर मला सुलटी केली, घासली, कारखान्याच्या भिंतीला लागून उन्हात मांडली. भिंतीला भोक पाडून धुराड्याच्या बुडातून एक लोखंडी नळी आणली, मध्ये पंखा बसवला, नळीचं भोकं पाडलेलं तोंड माझ्या पोटात सोडलं. टँकर आला. बारा वर्षांनी मी काठोकाठ भरले. साहेबानं पुण्याहून आणलेली हिरव्या पाण्याची बाटली माझ्यात ओतली, शेणाचं गाळलेलं पाणी आणि चिमूटभर खत टाकलं, आणि पंखा सुरू केला.

ते शेवाळ दुसऱ्या दिवशी मेलं. मरणारच होतं. धूर म्हणजे काय वाऱ्याची झुळूक आहे? बॉयलरमधून तापून आलेला तो धूर माझ्यात शिरला आणि पाणी अंघोळीला घ्यावं इतकं ऊन झालं. वीस-बावीस वर्षं गूळ शिजवणारी मी, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं, मध्ये गार पाण्याचं पिंप बसवलं आणि धूर त्यातून फिरवून आणला. दुसरी बाटली आली. या खेपेला काजळी आली. माझ्यावर काळी साय धरली, खाली ऊन पोचेना, आणि शेवाळाला तर उन्हाशिवाय घास गिळता येत नाही. सहादू दिवसभर झाऱ्यानं काजळी काढत बसायचा. त्यात पाणी आंबट व्हायला लागलं, माझा गंज सुटला. दुसरी बाटलीही गेली.

तिसरी तगली. साहेबानं नळीच्या तोंडाला फडकी बांधली, रोज थोडा चुना टाकायला सांगितला, आणि सहादूनं फावड्याच्या दांड्याला फळी ठोकून दिवसभर मला ढवळायचं कबूल केलं. ढवळलं नाही तर खालचं शेवाळ अंधारात राहतं आणि वरचं उन्हात होरपळतं. मध्येच पाण्यात बारीक किडे झाले आणि शेवाळ चरायला लागले. ते बघून साहेबाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. फडक्यानं गाळून गाळून ते किडे काढले. पौष संपता संपता मी हिरवीगार झाले. आणि हे सगळं होईपर्यंत दोन-चार दिसांचा महिना झाला होता, आणि पाणी सहादूच्याच घागरीतलं होतं.

आता मी धूर खायचे का, ते सांगते. लोक काठावर उभे राहून बुडबुडे बघायचे आणि म्हणायचे, "बघा, कशी गटागटा धूर पिती!" कसलं काय! शंभर बुडबुड्यांतले नव्वद-पंचाण्णव वर येऊन फुटायचे आणि त्यांतला वायू तसाच निघून जायचा. दीड फूट पाण्यात तो मुरणार तरी कधी? आणि ऊन उतरलं की उरलेलंही बंद. बॉयलर अष्टौप्रहर धूर ओकतोय आणि मी दिवसाचे सात-आठ तास त्यातला एक घोट घेतेय. त्या धुराड्याला माझ्यासारख्या किती काहिली लागल्या असत्या, हे साहेबानं एकदा वहीत मांडून बघितलं. मग ते पान त्यानं उलटलं आणि पुन्हा त्याच्याकडं बघितलं नाही. मी बघत होते.

पण मित्रांनो, माझंही एक पाप सांगते. मला बरं वाटत होतं. लोक पुन्हा यायला लागले होते. कारखान्याचे कामगार यायचे, पुणतांब्याचे शेतकरी यायचे, माझ्या काठाला हात लावायचे. सहादू त्यांना ताठ मानेनं सांगायचा, "चाळीस वर्षांची काहील हाय, एक टिपका गळत न्हाई." खरं तर चौतीस वर्षांची. पण मी कशाला बोलते! त्या धुराड्याचा धूर माझ्या पायाशी आणून बांधला होता, आणि मी फुगून बसले होते.

आणि मी पाणी पीत होते. माघातलं ऊन, दहा फुटांचं उघडं तोंड, वर दिवसभर ढवळणं. रोज तीन घागरी आटायच्या. रोज सकाळी नळ आला, की सहादू तीन घागरी आणून माझ्यात ओतायचा. एक घरातली. दोन चंद्रीच्या.

रंगुबाई सकाळी खडी फोडायच्या कामावर जायची, आल्यावर आधी गोठ्यात जायची. चंद्रीच्या कुशीतली हाडं मोजता येत होती. एक दिवस ती माझ्यापाशी आली, सहादूच्या हातातलं फावडं धरलं.

"आवं, जनावर दिवसाला तीन घागरी पितं. तिला तुमी एक देता. पोटात जीव हाय तिच्या."

"आबासायेब येऊन गेले, की पान्याची ददात मिटती. चारा बी मिळतोय. बघ की, काठोकाठ चारा हाय हितं. दोन पोती तरी निघंल."

"मग काढा की. बघू द्या डोळ्यांनी."

तिथंच तर गाडी अडली होती. ते हिरवं काढायचं कसं, हे कुणालाच येत नव्हतं. साहेबानं धोतर लावून बघितलं, तर हिरवं पाणी हिरवंच खाली उतरलं. मलमलीचं कापड चौपदरी केलं, तर ते दोन तांब्यांत चोंदलं आणि पाणी वर तुंबून राहिलं. त्या शेवाळाचा कण डोळ्याला दिसत नाही, तो कापडाला काय जुमानतो! साहेबानं ठेवून बघितलं, तर दोन दिवसांतही खाली बसेना. शेवटी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सहादूबाबा, सोमवारी आबासाहेब येणार. ऊस नाही म्हणून गाळप पंधरा दिवसांत बंद होईल, मग धूरच नसेल. त्यांच्या हातात चारा दाखवला नाही, तर पाणी मंजूर होत नाही. मी पुण्याला जातो, गाळायचं काही यंत्र मिळतं का बघतो. तीन दिवस ढवळत राहा."

आणि तो गेला.

सहादू दोन दिवस ढवळत राहिला. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यानं फावडं टाकलं आणि माझ्याकडं टक लावून बघत बसला. मी त्याला ओळखते. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला त्याच्या आधी कळलं. इतक्या वर्षांचा गुळव्या तो. पाण्यात गदळ आहे, दिसतंय, आणि ते पाण्यापासून सुटत नाही. गुळव्याला यासाठी यंत्र कशाला लागतं?

तो आढ्याला लटकवलेली भेंडीच्या सालीची जुनी जुडी काढून घेऊन आला. गुऱ्हाळ मोडून बारा वर्षं झाली तरी दरसाल रानातून तोडून तो ती जुडी भरून ठेवायचा. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. साल कुटली, घागरीत भिजवली, हातानं चोळली. तार धरणारा चिकट रस निघाला.

रंगुबाई बघत होती. "काय मांडलंय हे?"

"साहेबाला पुन्याला जायची गरजच नव्हती, आगं. मळी हाय ही. हिरवी मळी."

त्यानं रस ओतला, चुन्याचं पाणी सोडलं, मला सावकाश ढवळलं. मग पंखा चालू ठेवून बाजूला उभा राहिला. थोड्या वेळानं माझ्यात हिरवी भुरभुर दिसायला लागली. भुरभुरीचे गोळे झाले. बुडबुड्यांनी ते गोळे वर उचलून आणले. जे शिकलेल्या साहेबाला महिनाभर जमलं नव्हतं, ते सहादूनं न्याहारीच्या आधी करून दाखवलं. माझा ऊर भरून आला हो. बारा वर्षांनी माझ्यावर मळी आली होती.

तो झाऱ्यानं काढायला लागला. काढून काढून बादलीत भरायला लागला.

"थोडं ठेवा मागं," रंगुबाई म्हणाली. "विरजनासारखं. पुन्हा कशापासून लावायचं?"

"गुळाला कुठं विरजन असतं? सहादूच्या काहिलीत मळी राहिली, असं कुनी म्हनायला नको."

आणि त्यानं शेवटच्या कणापर्यंत काढलं. बूड खरवडून काढलं, काठ पुसून काढले. खाली बसत होतं ते पुन्हा चुना टाकून वर आणलं आणि तेही काढलं. चूक झाली ती इथं. गुळाची काहील रिकामी करायची असते, शेवाळाची नसते. त्याला बी म्हणून मागं ठेवावं लागतं. पण गुळव्याच्या हाताला मागं ठेवायची सवयच नाही.

बादलीभर हिरवा गाळ निघाला. सहादूनं तो धोतरावर पातळ पसरून कडक उन्हात घातला आणि दिवसभर राखण करत बसला. दुपारपर्यंत बादलीची परात झाली. ऊन कलेपर्यंत परातीचं ताट झालं. सोमवारी सकाळी त्यानं ते खरवडून काढलं, तेव्हा ताटाच्या मध्यभागी जेमतेम अर्धा शेर हिरवा चुरा होता.

सहादू ताटाकडं बघत राहिला. माझ्यातून रसाची एक भरण उतरली, की ढेपांवर ढेपा निघायच्या. त्याला वाटलं कुठंतरी सांडलं असेल. त्यानं धोतर झटकलं. बादली उपडी करून बघितली.

जीप आली ती तेव्हाच. आबासाहेब उतरले, सोबत कारखान्याची तीन-चार माणसं, आणि मागून राधाकृष्ण साहेब, हात हलवत. यंत्र मिळालं नव्हतं. वस्ती गोळा झाली. साहेब भरभर माझ्यापाशी आला आणि जागीच थांबला.

"बाबा, शेवाळ कुठंय?"

"काढलं, साहेब. समदं काढलं. भेंडी घालून." सहादूनं ताट पुढं केलं.

साहेब ताटाकडं बघेना. तो माझ्यात वाकून बघत होता. "सगळं? बी सुद्धा?" तो माझ्या काठावर बसलाच. मग त्यानं चुरा चिमटीत घेतला. काढता येणार नाही म्हणत होता ते काढून त्याच्यासमोर ठेवलं होतं. आणि जे निघालं होतं ते एवढं होतं.

"हा का तो चारा?" आबासाहेब म्हणाले. "राधाकृष्ण, तुम्ही तर पोत्यांच्या गोष्टी केल्या होत्या."

"रंगावरून अंदाज केला होता, साहेब."

"रंगावरून!" आबासाहेब हसले, तसे सगळेच हसले. मग म्हणाले, "आणि पंधरा दिवसांनी बॉयलर गार झाल्यावर हे शेवाळ काय खाणार होतं? बरं, हे एवढं व्हायला पाणी किती लागलं?"

साहेब वही उघडायला लागला. त्याच्या आधी रंगुबाई बोलली.

"रोज तीन घागरी. माज्या डोळ्यांदेखत. आमची गाय बी तीनच पिती. पर तिला एकच मिळत हुती."

सहादूनं काय करावं! तो ताट घेऊन गोठ्यात गेला आणि चंद्रीच्या तोंडापुढं धरलं. चंद्रीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. धुराचा वास होता त्याला. तिला चारा नकोच होता. तिला तहान लागली होती.

तेवढ्यात वस्तीतलं कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणालं, "आरं, हिच्यात तर पानी हाय."

मित्रांनो, दोन महिने ती सगळी माणसं माझ्या काठावर येऊन उभी राहिली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिरवं होतं तोवर ते शेवाळ होतं. आता तळाचे रिव्हेट दिसत होते. सव्वाशे घागरी पाणी, भर दुष्काळात, नितळ.

रंगुबाईनं कुणाला विचारलं नाही. तिनं चंद्रीचं दावं सोडलं आणि तिला माझ्याकडं आणायला लागली. एक जण म्हणाला, "बाई, खत घातलंय त्यात, जनावर मरंल." रंगुबाई थबकली. तिनं साहेबाकडं बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते मला सोसलं नसतं. साहेबानं ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकली. "पाजा, मावशी," तो म्हणाला. "खत सगळं शेवाळानं खाल्लंय." माझ्या जन्मात त्या माणसाचं मला आवडलेलं एवढं एकच.

चंद्री प्यायली. मान वर न करता प्यायली. मग वस्तीतली राहिलेली चार-पाच जनावरं आणली, तीही प्यायली. आबासाहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, "ती नळी काढून टाका. काहील राहू द्या. आठवड्याला एक टँकर जनावरांसाठी टाकायला सांगतो." शेवाळासाठी जे पाणी दोन महिने त्यांच्या टेबलावर अडलं होतं, ते जनावरांसाठी एका वाक्यात सुटलं. हे आधी मागायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण सगळे चमत्काराची वाट बघत होते.

साहेबाची पुढं बदली झाली. त्यानं सहादूला फसवलं नाही. तो स्वतःच फसला होता आणि त्यात त्यानं सहादूला सोबत घेतलं होतं, एवढंच. जायच्या आधी तो वस्तीवर आला, सहादूच्या पाया पडला आणि भेंडीची एक जुडी मागून घेऊन गेला. सहादूनं ती दिली आणि पाठ फिरवून गोठ्यात गेला.

चंद्री जगली. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरचं एकही जनावर पाण्यावाचून गेलं नाही. चैत्रात चंद्री व्याली. कालवड होती. मेलेलीच आली.

रंगुबाईनं ती माझ्या पलीकडं, भिंतीच्या कडेला पुरली. सहादू खड्डा काढत होता. माती लोटून झाल्यावर ती माझ्यापाशी हात धुवायला आली, आणि हात पाण्यात तसेच ठेवून बसली. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयार होते, मलाही शिव्या येतात. ती एवढंच म्हणाली, "तिच्या वाट्याचं तू पेलीस गं." आणि उठून गेली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी शिकून साहेब होईल. धुराला पुन्हा कशाच्या तरी पोटात घालायला निघेल. निघा. धूर वाईटच आहे, ते धुराडं मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतं. पण जे नवं आणाल ते किती पाणी पितं, ते पाणी आज कोण पीत आहे आणि शेवटी ताटात किती पडतं, हे आधी विचारा. वहीला विचारू नका. घागर वाहणाऱ्या बाईला विचारा, आणि तिनं सांगितलं की ऐका. आम्ही कुणीच ऐकलं नाही, मी तर नाहीच. दोन महिने रोज सकाळी त्या गाभण गायीच्या दोन घागरी माझ्यात ओतल्या गेल्या आणि मी त्या घेतल्या, काठोकाठ भरून मिरवायला मिळत होतं म्हणून. मी लोखंडाची. मला तर तहानही नव्हती.